एकटीचं की दोघांचं?

मर्ल नॉर्थबर्डने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एवढ्या वर्षांत ती बस थांब्याच्या पांढऱ्या पट्ट्यापुढे कधी वीतभरसुद्धा गेली नाही. मिकिनाक तळ्याच्या दोन्ही काठांवरची पोरं त्याच बसमधून मोठी झाली. पूर्वेच्या राखीव मुलखातली ओजिब्वे पोरं आणि पश्चिमेच्या गावातली नॉर्वेजियन, फिनिश पोरं. बसमध्ये उभं राहिलं की चिठ्ठी, सँडविच फेकलं की चिठ्ठी. गाणं म्हटलं तर आधी तो दोन ओळी ऐकून घ्यायचा, मग चिठ्ठी. चिठ्ठीवरचं त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेल्यासारखं. आईबापांना वाचता यायचं नाही, त्यामुळे मार मात्र अंदाजाने आणि जरा जास्तच पडायचा.

निवृत्त झाल्यावर नियम लावायला पोरं उरली नाहीत, म्हणून मर्लचा सगळा जोर मासेमारीच्या नियमांवर आला.

आता मिकिनाक तळ्याचं असं आहे की त्याच्या मधून एक रेघ जाते. जुन्या कराराने ठरलेली. उत्तरेच्या अस्वलटोकावरच्या खडकापासून दक्षिणेच्या ओढ्याच्या मुखापर्यंत, सरळ. पूर्वेचं पाणी जमातीचं, पश्चिमेचं राज्याचं. पूर्वेला मर्लसारख्या जमातीच्या माणसाला नुसतं जमातीचं ओळखपत्र पुरतं; बाहेरच्याला उन्हाळ्यात पाहुणा म्हणून गळ टाकता येतो, पण तळं गोठलं की पाहुण्यांना बंद. पश्चिमेला कोणीही असो, राज्याचं लायसन पाहिजेच. किती मासे, केवढे मासे, एका माणसाला बर्फात किती भोकं, सगळं दोन्हीकडे वेगळं. दोन पुस्तकं आहेत, एक लाल आणि एक हिरवं. मर्लला दोन्ही पाठ होती. माशांना मात्र आजवर कोणी काही कळवलेलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण मर्लची बायको होती आर्डिस. माहेरची निएमी, पक्की फिनिश, पश्चिम काठावरची. हिवाळ्यात तिला पूर्वेला गळ टाकायची बंदी. मग मर्लने राज्याचं लायसन काढून पश्चिमेला जावं की नाही? नाही. मर्ल नऊ वर्षांचा असताना त्याच्या आजोबांना राज्याच्या शिपायांनी त्यांच्याच आईच्या जुन्या जागेवर जाळं टाकताना धरलं होतं, कागद नाही म्हणून. अकरा दिवस कोठडी, आणि जाळं बाहेर पावसात कुजत पडलेलं. म्हातारा सुटून आला तो जेवायच्या आधी नातवाला म्हणाला, "त्यांच्या कागदाला हात लावू नकोस." दुसऱ्या कोणी याचा अर्थ जरा सैल धरला असता. मर्लने हात म्हणजे हात असाच धरला. घराच्या पत्त्यावर राज्याचं टपाल आलं की तो आर्डिसला हाक मारायचा आणि स्वतः खिशात हात घालून उभा राहायचा.

तर मग दोघांनी एका छपराखाली बसून मासे कसे धरायचे? मर्लने तोड काढली. दर हिवाळ्यात तो आपलं लाकडी खोपटं बर्फावरून ओढत न्यायचा आणि बरोबर रेघेवर ठेवायचा. खोपट्याच्या जमिनीवर त्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल रंगाचा पट्टा ओढला होता. पट्ट्याच्या पूर्वेला मर्लचं भोक, मर्लची बादली, मर्लचं स्टूल. पश्चिमेला आर्डिसचं. शेगडी बरोबर मधे, कारण कढईबद्दल दोन्ही पुस्तकं गप्प होती.

"गळ इकडे येतोय तुझा," मर्ल म्हणायचा.

"पाणी ओढतंय त्याला मी काय करू? पाण्याला चिठ्ठी दे."

राज्याच्या पुस्तकाप्रमाणे वीस इंचांवरचा वॉलआय मासा परत सोडायचा. जमातीच्या पुस्तकाप्रमाणे तो ठेवता येतो. आर्डिसने एकदा एकवीस इंची मासा धरला, मोजला, हळहळली आणि आपल्या भोकातून परत सोडला. दहा मिनिटांनी तोच मासा मर्लच्या भोकातून वर आला. ओठावर तिच्या गळाची ताजी खूण.

"माझा आहे तो," आर्डिस म्हणाली.

"होता. आता त्याने पाणी बदललं."

हे असं सेहेचाळीस वर्षं चाललं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी आर्डिसचं खुब्याचं हाड झिजलं. मार्चमध्ये ऑपरेशन ठरलं. डॉक्टरने सांगितलं, तोवर उघड्यावर बादलीवर वगैरे बसायचं नाही. खोपट्यात शेगडीजवळ बसणार असाल तर बसा. पुढल्या हिवाळ्याचं पुढे बघू. म्हणून त्या वर्षी मर्लने खोपट्याला दुहेरी पत्रा मारला, तिच्या स्टुलाला पाठ बसवली आणि एकेक दिवस मोजून वापरायला काढला.

आणि नेमका त्याच वर्षी झाडांचा घोटाळा झाला.

बर्फावर रेघ दिसावी म्हणून आमच्याकडे जानेवारीत लोकांनी टाकून दिलेली नाताळची झाडं तिच्यावर ओळीने रोवतात. तळं ओलांडायचा मोटारीचा रस्ताही तशाच झाडांनी आखतात. दोन्ही रांगा एकाच धक्क्यापासून निघतात. ओळख पटावी म्हणून रेघेच्या झाडांना नारिंगी फीत बांधतात, रस्त्याच्या झाडांना काही नाही. त्या वर्षी रेघेची झाडं बांधून झाल्यावर फितीचं रीळ अग्निशमनवाल्यांच्या गाडीत राहिलं. रस्त्याची झाडं लावताना त्यांना वाटलं, कोणीतरी आपल्यासाठीच मुद्दाम ठेवलंय. त्यांनी मन लावून प्रत्येक झाडाला फुलं काढून फीत बांधली.

त्यात पंधरा दिवस धुकं आणि भुरभुरता बर्फ. चौथ्या झाडापलीकडचं पाचवं दिसत नव्हतं. मासेमारीवर नजर ठेवणारा जमातीचा वॉर्डन डेल्विन रस्त्यालाच रेघ समजून हिंडत होता. त्याने गावातल्या पाद्रीबाबांना त्यांच्या चर्चच्या पायरीपासून हाकेच्या अंतरावर पकडून दंडाची पावती फाडली. पाद्रीबाबा इतके गोंधळले की त्यांनी आभार मानले.

एका सकाळी हवा निवळली. दुपारी खोपट्याबाहेर दोन बर्फगाड्या येऊन थांबल्या.

"मामा, आहात का आत?" डेल्विनचा आवाज. हा मर्लच्या बहिणीचा मुलगा.

"नाही, मासे बसलेत आत. मी खाली पाण्यात आहे. ये."

डेल्विन आला, त्याच्या मागून राज्याचा वॉर्डन कर्बी ऑस्टबी. कर्बी नवा होता, अठ्ठावीसचा, कमरेला पिस्तूल आणि हातात जागा दाखवणारं ते नवीन यंत्र. पण दारातून वाकताच त्याने टोपी काढली. बसमध्ये शेवटच्या बाकावर बसणारा पोरगा तो. नऊ वर्षांत मर्लकडून अकरा चिठ्ठ्या मिळालेल्या.

"पाय झटक," मर्ल म्हणाला.

कर्बीने पाय झटकले.

आर्डिसने त्याला बोलूच दिलं नाही. कढईतून ताजे तुकडे उतरत होते. तिने दोघांच्या हातात एकेक थाळी दिली: मासा, फ्राय ब्रेड आणि वेलदोडा घातलेल्या तिच्या गोड पावाची फोड. आमच्या तळ्यावर दंडाची पावती नाकारता येते, थाळी नाकारता येत नाही. दोघेही बाकावर गुडघ्याला गुडघा लावून खायला लागले.

"मिस्टर नॉर्थबर्ड," कर्बी घास गिळून म्हणाला, "जरा घोटाळा झालाय."

"ऐकलं. दोन रांगांना एकच फीत. माणसं गाफील राहिली की असं होतं." मर्लने गळ किंचित हलवला. "मी मात्र रेघेवर आहे. चौथं झाड, तिथून बावीस पावलं. मोजलंय."

डेल्विनने थाळीत बघितलं. "मामा, तुम्ही रस्त्यावर आहात."

"कुठल्या रस्त्यावर?"

"लून बारच्या."

मर्लने दारू सोडून चाळीस वर्षं झाली होती. पंधरा दिवस रोज सकाळी आपण नेमाने बारच्या वाटेवर जाऊन बसतोय, हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. कर्बीने यंत्र पुढे केलं. रेघ पूर्वेला होती, चांगली दोनशे पावलं. लाल पट्टा, त्याच्या दोन्ही बाजू, शेगडी, दोन्ही भोकं, सगळंच राज्याच्या पाण्यावर.

"यंत्र चुकत नसेल कशावरून?" मर्लने विचारलं, पण उठून त्याने स्वतःच दार उघडलं. स्वच्छ उन्हात फितीची फुलं बांधलेली झाडं वळण घेत घेत थेट लून बारच्या पाटीपाशी गेलेली दिसली. कराराची रेघ वळत नाही. त्याने दार लावलं आणि स्टुलावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची बस पट्ट्यापुढे गेली होती, आणि तीही दोनशे पावलं.

"मला तुमचं लायसन बघावं लागेल," कर्बी एवढ्या हळू म्हणाला की जणू त्यालाच चिठ्ठी मिळणार होती.

"माझ्याकडे नाही हे तुला माहीत आहे. पान सत्तावीस, कलम तीन. विनापरवाना माणसाचे गळ जप्त, खोपटं ओढून काठावर, आणि मोसम संपेपर्यंत परत द्यायचं नाही." मर्लने गळ गुंडाळायला घेतला. "लिही."

"मिस्टर नॉर्थबर्ड, मी फक्त तोंडी ताकीद..."

"ताकीद कलम चारमध्ये आहे. ती हद्दीवर शंका असेल तेव्हा. इथे शंका कसली? मी बारच्या दारात बसलोय. लिही म्हणतो ना."

कर्बीने पेन काढलं. डेल्विन वर छताकडे बघायला लागला. मार्चपर्यंत आर्डिसला बसायला दुसरी जागा नव्हती, हे त्या खोपट्यातल्या चौघांनाही ठाऊक होतं.

"थांब रे," आर्डिस म्हणाली. तिने कॉफीच्या जुन्या डब्यात हात घातला आणि एक घडी घातलेला कागद काढून कर्बीला दिला. कर्बीने वाचला. मग पुन्हा वाचला.

"हे तर दोघांचं आहे," तो म्हणाला. "नवरा-बायकोचं जोड लायसन. आर्डिस नॉर्थबर्ड आणि मर्ल नॉर्थबर्ड."

डेल्विनचा घास घशात अडकला.

कर्बीने कागद पुढे केला. मर्लने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान पुढे काढून, चूल हुंगणाऱ्या मांजरासारखं वाचलं. खाली दोन सह्या होत्या. आर्डिसची, आणि शेजारी त्याची. त्याची सही गोल, सुबक, आणि 'एम'ला छानशी शेपटी.

"लायसन सही असेल तरच चालतं," कर्बी म्हणाला. त्याने सहीकडे बघितलं, मर्लकडे बघितलं. त्या माणसाच्या अकरा चिठ्ठ्या त्याने घरी नेल्या होत्या. "ही सही... तुमचीच ना?"

हो म्हणावं तर राज्याच्या कागदाला हात लावला असं होतं, आणि ते ऐकायला समोर बहिणीचा मुलगा बसलेला. संध्याकाळच्या आत राखीव मुलखातलं कुत्रंसुद्धा जाणणार होतं. नाही म्हणावं तर आर्डिसने खोटी सही केली. पान एकेचाळीस. खोपटं तर जाईलच, वर तिलाही बोलावणं येईल. आणि नियमाप्रमाणे खरं तेच सांगायचं असतं, हे पोरांना एकतीस वर्षं त्यानेच बजावलेलं.

"माझीच," मर्ल म्हणाला.

"पण तुमचं अक्षर तर..."

"चालत्या बसमध्ये लिहिलेलं वेगळं असतं. ही बसून केली. नीट."

कर्बीने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला, आणि त्याच भरात त्याला कर्तव्य आठवलं. "मग आता लांबीचा नियमही राज्याचाच. वीस इंचांवरचा मासा ठेवला असेल तर..." त्याने बादल्यांत डोकावलं. आर्डिसच्या बादलीत दोन लहान मासे. मर्लची रिकामी.

"मोठा होता एक," आर्डिस म्हणाली. "तू खाल्लास तो."

कर्बीने हातातल्या थाळीकडे पाहिलं. एक काटा उरला होता.

"मोज," मर्ल म्हणाला.

दोघे वॉर्डन गेल्यावरही मर्लने हात पाठीमागेच ठेवले होते. त्याने विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सेहेचाळीस?"

"आपलं लग्न झालं त्या आठवड्यात मी लायसन काढायला आमिषाच्या दुकानात गेले," आर्डिस कढईतलं तेल निपटत म्हणाली. "आता विल्मा बसते त्या गल्ल्यावर तेव्हा तिची आई. दुकानात सगळं गाव कॉफी पीत बसलेलं. पैजा लागल्या होत्या म्हणे, निएमीची पोर नाताळापर्यंत माहेरी येते की ईस्टरपर्यंत. विल्माच्या आईने मुद्दाम मोठ्याने विचारलं, 'एकटीचं की दोघांचं?' काय सांगणार होते मी? एकटीचं? त्यांच्यासमोर?" तिने कढई खाली ठेवली. "म्हटलं, दोघांचं. तेवढ्याच मोठ्याने."

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी एकटीचं मागितलं असतं तर गावभर झालं असतं, मोडलं म्हणून. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. सुटायची काही सोयच नव्हती, मर्ल."

"म्हणजे गावाला माहीत आहे."

"अख्ख्या गावाला."

मर्ल तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने खिशातून चिमूटभर तंबाखू काढून, पूर्वजांना वाहतात तशी, आपल्या भोकात सोडली आणि पाण्याकडे बघत तो ओजिब्वेत बराच वेळ पुटपुटला. आर्डिसला त्यातलं एवढंच कळलं की आजोबांना तो 'हात', 'बायको' आणि 'बार' हे तीन शब्द पुन्हा पुन्हा समजावून सांगतोय. खोपटं त्याने हलवलं नाही. आर्डिसने विचारलं तर म्हणाला, "हलवायचं कशाला? कागदाप्रमाणे मी आता दोन्ही पाण्यांत चालतो. तूच अर्धी आहेस. स्टूल जरा सरकव तिकडे."

राखीव मुलखात मात्र त्याची दैना झाली. ज्येष्ठांच्या जेवणाला तो गेला की कोणीतरी खुर्ची पुसायचं, "उठा, उठा, राज्य सरकार आलं." त्याची सख्खी बहीण लोरेना, डेल्विनची आई, तिने तर पंगतीत विचारलं, "दादा, सही केलीस तेव्हा पेन आपलं होतं की त्यांचं?" मर्ल भात चिवडत राहिला. आर्डिसला ते बघवेना.

"मी सांगून टाकते सगळ्यांना, सही माझी आहे म्हणून."

"सांगितलंस तर ती खोटी ठरते. पान एकेचाळीस. गप्प बस."

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. उन्हाळाभर आर्डिस व्हरांड्यात बसून पाय उचलायचा, खाली ठेवायचा व्यायाम करायची आणि मर्ल तिला राज्याचं पुस्तक धरायला लावायचा. ती धरायची, पानं उलटायची. तो हात मागे बांधून वाचायचा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, या वेळी बारीक अक्षरातल्या तळटिपांसकट. ऑगस्टात एकदा तो मधेच थांबला. "हे पान जरा वर धर," म्हणाला. ते त्याने तीनदा वाचलं, आणि मग बाहेर जाऊन विनाकारण लाकडं फोडत बसला.

डिसेंबरात तळं गोठलं. आर्डिस काठी टेकत आमिषाच्या दुकानात शिरली आणि तिच्या मागून, सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, मर्ल. दुकानात कॉफी पिणारे सगळे होते. लोरेना मासळीची पिलं घ्यायला आली होती. कर्बी कोपऱ्यात पाव खात होता. मर्लला बघून त्याने तोंडातला घास चावायचा थांबवला. गल्ल्यावर आता विल्मा स्वतः. तिने आर्डिसकडे बघितलं, मर्लकडे बघितलं, आणि आईसारखाच आवाज चढवला.

"एकटीचं की दोघांचं?"

आर्डिसने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"दोघांचं," मर्ल म्हणाला.

लोरेनाच्या हातातली पिशवी पाण्यासकट खाली पडली.

विल्माने फॉर्म भरला, फिरवला आणि पेनासकट त्याच्यापुढे सरकवला. मर्लने हात पाठीमागे नेले.

"सही ती करेल. मागच्या सगळ्यासुद्धा तिनेच केल्यात." त्याने कोपऱ्यात नजर टाकली. "कर्बी, पान एकेचाळीस, तळटीप, खालून दुसरी ओळ. वाचलीस कधी?"

कर्बी उभा राहिला. "नाही, सर."

"वाचायला हवी होतीस. जोड लायसनवर एकाच्या संमतीने दुसऱ्याने सही केली तर चालते. संमती आधीची की नंतरची, हे लिहिलेलं नाही." मर्लने घसा साफ केला. "मी संमती देतो. मागच्या सेहेचाळीस वर्षांची धरून. मी या कागदाला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. लोरेना, ऐकलंस? मासे उचल तुझे."

आर्डिसने पेन उचललं. तिने आधी त्याचं नाव लिहिलं, 'एम'ला नेहमीपेक्षा लांब शेपटी काढली, आणि मग आपलं.

"अक्षर तिचंच बरं आहे," विल्मा म्हणाली आणि शिक्का मारला.